सतरंज्या कुणी उचलायच्या?

सामाजिक संस्थांच्या वार्षिक सभांमध्ये गेली काही वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते : “हल्लीची मुले कामाला येत नाहीत.” हे वाक्य उच्चारणारी मंडळी बहुधा साठीच्या पुढची असतात, त्यांनी उमेदीची वर्षे पदरमोड करून लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात घालवलेली असतात, आणि म्हणून त्यांच्या तक्रारीला पुरावा मागावा असे सभेतल्या कुणाला वाटत नाही. मागितला तर तो उलटाच निघेल. पुण्यात गणेशोत्सवाच्या आधी दोनेक महिने मुठेच्या काठाने, पुलांखालच्या मोकळ्या जागांत आणि मैदानांवर संध्याकाळी एक फेरी मारली, की नोकरी किंवा महाविद्यालय आटोपून आलेली मुले-मुली कंबरेला ढोल बांधून घामाघूम झालेली दिसतात. त्यांना कुणी पैसे देत नाही. कित्येक पथकांत वर्गणीही त्यांनीच भरायची असते. हाताला फोड येतात, कंबर धरते, घरी बोलणी बसतात, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर असतात.

ढोल-ताशा पथकांबद्दल मला फारसे प्रेम नाही. त्यांच्या आवाजाचा शेजारपाजाऱ्यांना होणारा त्रास खरा आहे, आणि काही पथकांच्या मागे कोणत्या नेत्याचा फलक उभा असतो हेही सर्वांना ठाऊक आहे. पण बिनपगारी माणूस टिकतो कसा, हे पाहायचे असेल तर पथकाइतकी सोयीची जागा नाही. वाद्यपूजनाच्या दिवशी आलेल्या नवख्या मुलाला आपल्याला काय करायचे आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळते. त्याच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षे जुने असलेले कुणीतरी त्याला ठोका शिकवते, ढोल ताणायला शिकवते, चुकला की थांबवते. सरावाला दांड्या मारल्या तर मिरवणुकीत उभे राहता येणार नाही, हे आधीच सांगितलेले असते. आपल्याला जमू लागले की नाही, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही, कारण ते त्याला स्वतःलाच ऐकू येते. पुढच्या वर्षी तो आणखी एखाद्या नवख्यासमोर उभा राहतो. या साऱ्या व्यवस्थेत प्रेरणादायी भाषणाला कुठे जागाच नाही, आणि त्याची उणीवही कुणाला भासत नाही.

माझे म्हणणे असे आहे, की महाराष्ट्रात टंचाई आहे ती स्वयंसेवकांना काम बांधून देणाऱ्यांची. आणि काम बांधून देणे ही शिकून येणारी गोष्ट आहे, हे आपल्या संस्थांनी, मंडळांनी आणि महाविद्यालयांनी अद्याप मनावर घेतलेले नाही. पगारी माणसाला हुकूम देता येतो, न ऐकल्यास त्याचा पगार कापता येतो. स्वयंसेवकाच्या बाबतीत ही दोन्ही हत्यारे हातात नसतात, तेव्हा आपला सरासरी संस्थाचालक तिसरे हत्यार उपसतो, ते भाषणाचे. वक्तृत्वाला आपल्या सार्वजनिक जीवनात पूर्वीपासून मोठा मान आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवणारा मुलगा उद्याचा पुढारी, असे आपण सहज धरून चालतो. त्यामुळे माणसे गोळा झाली की त्यांच्यापुढे बोलायचे, आणि बोलून झाले की त्यांना प्रेरणा मिळाली असे समजायचे, हा रिवाज पडून गेला आहे. गाडगेबाबांचा क्रम याच्या बरोबर उलटा होता. ते गावात आले की आधी हातात खराटा घेऊन रस्ता झाडायला लागत आणि कीर्तन रात्री करीत. झाडणाऱ्या माणसाकडे बघत उभे राहणे अवघड असते, म्हणून गावकरीही हळूहळू हात लावत. आणि रात्री कीर्तनात बाबा जे बोलत ते दिवसभर केलेल्या कामावरचे बोलणे असे. बाबांच्या कीर्तनाच्या आठवणी आपण आवडीने सांगतो, आणि खराट्याचा उल्लेख पूजेतल्या उपकरणासारखा करतो. तो नेतृत्वाच्या पद्धतीचा भाग होता, हे त्यातून निसटते.

कामाची बांधणी नसली म्हणजे काय होते, ते मी एका वृक्षारोपणाच्या सकाळी जवळून पाहिले. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे दृश्य दर जुलैत कुठे ना कुठे घडतेच. टेकडीच्या पायथ्याशी सातला जमायचे ठरले होते आणि महाविद्यालयीन मुले खरोखरच सातला आली होती. रोपे ट्रकमध्ये होती. खड्डे खणून ठेवायचे होते, ते अर्धेच झाले होते. कुदळी मोजक्या होत्या, घमेली त्याहून कमी, आणि पाण्याचा टँकर “निघालाय” असे फोनवर सांगितले जात होते. पाहुणे आल्याशिवाय पहिले रोप लावायचे नाही असा आदेश असल्यामुळे ज्या मुलांच्या हाती कुदळ होती, तीही ती टेकवून उभी होती. पाहुणे आले साडेनऊला. मग हार, मग निसर्गाचे महत्त्व, मग एकाच रोपाला दहा हात लावून काढलेले छायाचित्र. उन्हे चढल्यावर उरलेली रोपे घाईघाईने लावण्यात आली आणि त्यांतली काही पिशवीसकट मातीत गेली. पिशवी काढून रोप लावायचे असते, हे त्या मुलांना कुणी सांगितलेच नव्हते. यांतली किती मुले पुढच्या रविवारी आली असतील, याचा अंदाज वाचकाने करावा. आली नसतील तर त्यांच्यात सामाजिक जाणीव कमी होती असे म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते. त्यांनी पहाटे उठून आपला वेळ आणून दिला होता, आणि ज्यांच्या हाती दिला त्यांना तो वापरता आला नाही.

याउलट उदाहरण गावागावांत जलसंधारणाच्या कामांची चढाओढ लावणाऱ्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचे आहे. 2016 साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांत ती सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत राज्यभर पसरली. तिची प्रसिद्धी आमीर खान यांच्या नावाने झाली, पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघालेल्या गावांची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली, आणि पुष्कळांचा असा समज झाला की एका सिनेनटाच्या आवाहनाने गावे जागी झाली. त्या समजात श्रमदानाच्या आधीचा टप्पा हरवून जातो. स्पर्धेत उतरणाऱ्या गावाने आपल्यातले काही स्त्री-पुरुष निवडून निवासी प्रशिक्षणाला पाठवायचे होते. तिथे ती माणसे उतारावर समपातळी रेषा कशी आखायची, सलग समतल चर कुठे आणि किती खोल खणायचा, माथ्यापासून पायथ्याकडे काम का न्यायचे, हे प्रत्यक्ष करून शिकली. परत आल्यावर गावापुढे ती उभी राहिली तेव्हा त्यांच्याजवळ जोशाच्या जोडीला उद्या सकाळी कोणत्या शिवारात, किती माणसांनी, काय खणायचे याचा हिशेब होता. ज्याला चुन्याने आखलेली रेघ दिसते तो टिकाव मारतो. “चला, दुष्काळ हटवू या” या घोषणेवर टिकाव मारायचा कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही.

या स्पर्धेच्या मर्यादाही त्याच अनुभवातून दिसल्या. गुण, बक्षिसे आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत यांनी जी ईर्ष्या निर्माण केली, ती मुदतीनंतर सर्वत्र तशीच राहिली असे नाही. आणि चरांतला गाळ दर वर्षी काढावा लागतो, त्याला कुणी बक्षीस देत नाही. चढाओढ माणसांना बाहेर काढते, पण देखभालीच्या कामाला तिचा उपयोग थोडा. देखभाल करणाऱ्या माणसाला बांधून ठेवणारी गोष्ट निराळी असते, आणि ती म्हणजे आपल्या शब्दाला इथे किंमत आहे हा विश्वास.

या विश्वासाची सोय कशी करता येते, याचा एक जुना आणि अतिशय हुशार नमुना आपल्याजवळ आहे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्तीचे स्वरूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले, दिंडीतला विणेकरी ठरलेला, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे ते ठरलेले. लाखांचा हा समुदाय पगारावर चालत नाही. वारकरी दिंडीची भिशी स्वतः भरतो आणि आपल्या पायांनी चालतो. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाज आरती होते. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो, आणि चोपदार आपला चांदीचा दंड उंच करतात. त्या क्षणी सारे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची दिवसभरात काही तक्रार झाली असेल, तर ती दिंडी मात्र टाळ वाजवणे थांबवत नाही. हजारो माणसांच्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात, चोपदारांना तिकडे जावे लागते, गाऱ्हाणे ऐकावे लागते. त्याचा निकाल लागेपर्यंत आरती खोळंबते. हरवले-सापडले आणि उद्याच्या निघण्याची वेळ हेही तिथेच सांगितले जाते.

या प्रथेकडे भाविक श्रद्धेने बघतात आणि ते योग्यच आहे. संघटना चालवणाऱ्याने मात्र तिच्याकडे जरा हेव्याने बघावे. तक्रार करणाऱ्याला इथे कुणाच्या मागे धावावे लागत नाही, अर्ज करावा लागत नाही, सभेत उठून ‘वातावरण बिघडवले’ असा ठपका घ्यावा लागत नाही. तक्रार रोजच्या रोज निघते, सगळ्यांसमोर निघते, आणि ती न ऐकता पुढे जाण्याची मुभा वरिष्ठालाच नाही. आपल्या संस्थांत नाराज कार्यकर्ता काय करतो? तो मुख्य बैठकीत गप्प बसतो, बैठक सुटल्यावर चहाच्या टपरीवर दोघांजवळ बोलतो, मग व्हॉट्सॲपच्या गटात निरोपाला अंगठा दाखवून घरी थांबतो, आणि काही महिन्यांनी गटातून बाहेर पडतो. पदाधिकाऱ्यांना त्याचे जाणे ‘अचानक’ वाटते. टाळ तर वाजतच होते. ऐकण्याची व्यवस्था कुणी केली नव्हती.

नाराजीचे सर्वांत नेहमीचे कारण एका वाक्यात सांगता येते, आणि राज्यातल्या कोणत्याही पक्षाच्या, मंडळाच्या वा संस्थेच्या कार्यकर्त्याच्या तोंडी ते सापडते : “आम्ही काय फक्त सतरंज्याच उचलायच्या?” हे वाक्य नीट ऐकले पाहिजे. सतरंज्या उचलण्याला कुणाचा विरोध नसतो. पुष्कळजण ते काम वर्षानुवर्षे हौसेने करतात. सल असतो तो ‘फक्त’ या शब्दात. कार्यक्रम कोणता, वक्ता कोण, पैसा कशावर खर्चायचा हे पाच जणांनी ठरवून टाकल्यावर उरलेल्यांच्या वाट्याला फक्त हमाली येते, आणि वर तिला ‘निःस्वार्थ सेवा’ म्हटले जाते. निर्णयातला वाटा द्यायचा तर थोडी अव्यवस्था सोसावी लागते. बाविशीतल्या मुलीने आखलेला कार्यक्रम अध्यक्षांनी आखला असता तितका नेटका होणार नाही, एखादे पत्रक चुकेल, एखाद्या पाहुण्याचा मान राहून जाईल. ते सोसण्याची तयारी नसलेल्या संस्थेत दुसरी फळी तयार होत नाही, आणि मग संस्थापक अध्यक्ष पंचाहत्तरीतही अध्यक्ष असतात. नाइलाज म्हणून, असे ते सांगतात.

मुलीचा उल्लेख वर मुद्दाम केला. आपल्या कितीतरी संस्थांच्या बैठका रात्री नऊला, जेवणे आटोपून होतात. ज्यांच्या घरची जेवणे कुणीतरी दुसरे वाढते आणि आवरते त्यांना ही वेळ सोयीची आहे. त्याच संस्थेत कार्यक्रमाच्या दिवशी रांगोळी, औक्षण आणि पाहुण्यांचे चहापाणी स्त्रियांकडे जाते, आणि अहवालात ‘महिलांचा लक्षणीय सहभाग’ असा मजकूर छापला जातो. बैठक दुपारी चारला घेऊन पाहावी. कोण येते आणि कोणाला ‘जमत नाही’, यावरून संस्था कुणाच्या वेळेवर चालली होती ते कळेल.

माणसे बोलावण्याच्या रीतीबद्दल थोडे. ‘रविवारी स्वच्छता मोहीम, बहुसंख्येने उपस्थित राहावे’ असा निरोप गटावर टाकला की अंगठे भरपूर येतात आणि प्रत्यक्षात रोजचेच पाच-सात जण दिसतात. निरोप सगळ्यांना असला की तो कुणालाच नसतो. त्याऐवजी फोन करून “तुमच्याकडे गाडी आहे, शनिवारी संध्याकाळी हातमोजे आणि पोती दुकानातून उचलून आणाल का, अर्ध्या तासाचे काम आहे” असे विचारले, तर होकार आणि नकार दोन्ही स्पष्ट मिळतात. काम किती वेळाचे, कुठे संपणारे, त्यासाठी काय लागणारे, हे सांगणे म्हणजे समोरच्याच्या वेळेचा मान राखणे होय. वेळ देणाऱ्याकडे देण्यासारखे तेवढेच असते.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे आवश्यक केले, आणि त्या निधीतून संस्थांमध्ये पगारी समन्वयक आले. हे स्वागतार्ह आहे. शिकलेल्या माणसाने आयुष्यभर फुकट राबावे अशी अपेक्षा धरणे काही शहाणपणाचे नव्हते. पण आता एकाच कामावर पगारी समन्वयक आणि बिनपगारी स्वयंसेवक शेजारी शेजारी उभे असतात, आणि समन्वयकाला तिमाही अहवालासाठी आकडे आणि छायाचित्रे हवी असतात. स्वयंसेवकाला हे चटकन कळते. वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला येणाऱ्या तरुणाला दर शनिवारी फलकासमोर उभे करून छायाचित्र काढले, आणि मुलांना भागाकार येतो की नाही याची चौकशी मात्र कुणी केली नाही, तर आपण कोणत्या कामासाठी येतो याचा त्याला लवकरच उलगडा होतो. अशा ठिकाणी नेतृत्व करणाऱ्याने अहवालाचे ओझे स्वतःच्या टेबलावर ठेवावे आणि स्वयंसेवकापर्यंत ते पोचू देऊ नये. समन्वयकाला पगार आहे तो त्यासाठीच, असे मी म्हणेन.

या साऱ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कामाची आखणी, वेळापत्रक, तक्रार निवारण हे सगळे म्हणजे व्यवस्थापन झाले. चळवळी ध्येयवादावर उभ्या राहतात, आणि ध्येय नसेल तर उत्तम बांधलेली संघटनाही मिरवणुकीपलीकडे जात नाही. हे मान्य आहे. वर दिलेले पथकांचे उदाहरण त्याचीच साक्ष देते. परंतु ध्येयवाद्यांनीच बांधणीला किती महत्त्व दिले होते, ते पाहावे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा देशासाठी आयुष्य वाहायला तयार असलेल्या सुशिक्षित माणसालाही त्यांनी पाच वर्षांची उमेदवारी घातली, आणि त्या काळात त्याने देश हिंडून पाहावा, अभ्यास करावा, अशी व्यवस्था ठेवली. त्यागाची तयारी असणे आणि कामाची तयारी असणे यांत अंतर आहे, असे गोखल्यांना वाटत असले पाहिजे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाली. त्यानंतर चळवळीतले कार्यकर्ते दर महिन्याच्या 20 तारखेला त्याच पुलावर वर्षानुवर्षे जमत राहिले. त्या जमण्यामागे निष्ठा होतीच. पण ठरलेली तारीख आणि ठरलेली जागा नसती तर निष्ठा असूनही माणसे पांगली असती. संताप ओसरतो, तारीख दर महिन्याला पुन्हा येते.

आणि माणसे जातातच, हेही नेतृत्व करणाऱ्याने आधीच धरून चालावे. नोकरी बदलते, लग्न होते, मूल होते, आईवडील अंथरुणाला खिळतात. जाणाऱ्याला अपराधी वाटायला लावणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे : “आमच्या वेळी असे नव्हते”, “चार दिवसांचा उत्साह होता.” अशाने गेलेला माणूस पुन्हा उंबरा चढत नाही. ज्याला सन्मानाने जाऊ दिले तो पाच वर्षांनी मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर परत येतो, किंवा दुसऱ्या गावात तेच काम सुरू करतो. किमान आपल्या हातातल्या वह्या, हिशेब आणि संपर्काची यादी पुढच्याला नीट सोपवून जातो.

शेवटी प्रश्न येतो तो हे शिकवायचे कुणी. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून देशभर चालू आहे. स्वयंसेवक विद्यार्थ्याने वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करायचे, एक सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, असा तिचा आराखडा आहे. काही विद्यापीठांत त्यासाठी सवलतीचे गुणही मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभागाला श्रेयांकही मिळू लागले आहेत. यात मोजले जातात ते तास. विद्यार्थी दोन्ही वर्षे कुणीतरी सांगितलेले काम करतो. काम ठरवणे, साहित्याची जमवाजमव, माणसांना विचारणे, त्यांचे गाऱ्हाणे ऐकणे आणि काम फसल्यावर त्यांच्यापुढे उभे राहणे, यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या स्वयंसेवकांकडे पहिल्या वर्षाच्या आठ-दहा जणांचा गट आणि एक पूर्ण काम सोपवावे, अगदी गावातल्या एका विहिरीभोवतीच्या कट्ट्याचे का असेना, आणि गुण त्या गटातले किती जण अखेरपर्यंत टिकले हे पाहून द्यावेत. कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकावर आधीच तासिकांचा भार असतो आणि त्याच्या एककात शंभरेक विद्यार्थी असतात. एकट्याने सगळ्यांवर देखरेख ठेवणे त्याला शक्यच नाही. म्हणजे ही वाटणी त्याच्याही सोयीची आहे. विद्यापीठांना त्यासाठी नवा निधी लागणार नाही, नियमावलीतली दोन-तीन कलमे तेवढी बदलावी लागतील. आणि पहिल्या वर्षी काही कट्टे वाकडे होतील, ते चालवून घ्यावे लागेल.